गेले अधिक एक

हर्षदा वासेकरांनी मोरेश्वर उपरेचा जीव घेतला तेव्हा सकाळचे अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती आणि ओट्यावर पन्ह्यासाठी कैऱ्या शिजत होत्या. मोरेश्वरला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. तो पुढं सतरा दिवस चांगला हिंडला-फिरला. हर्षदाबाईंनी त्याचं नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी फक्त पडद्यावरच्या एका चौकटीवर बोट टेकवलं, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठून गॅस बंद केला.

असं एकदम सांगितलं की बाई कुणी कैदाशीण वाटतील. तशा त्या मुळीच नव्हत्या. चंद्रपूरकडच्या सावरगाव नावाच्या खाणगावात, तिथल्या तंत्रनिकेतनात, त्यांनी बावीस वर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना पायथन शिकवलं होतं. लग्न केलं नाही. माणसं जोडायची ती वर्गात जोडली.

फेरा आणि अट, एवढं जमलं की अर्धं राज्य जिंकलं, असं त्या पहिल्याच तासाला सांगत. फेरा म्हणजे यंत्राला एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं. अट म्हणजे ते कधी करायचं आणि कधी थांबायचं हे बजावणं. पोरं नेमकी तिथंच आपटत. कुणी फेऱ्यातला आकडा वाढवायला विसरे, मग यंत्र घाण्याच्या बैलासारखं फिरतच राही. कुणी ‘पस्तीसच्या वर पास’ ही अट आधी लिही आणि ‘पंचाहत्तरच्या वर विशेष प्रावीण्य’ ही मागून, मग नव्वद मिळवणाराही पहिल्याच अटीत अडकून नुसता पास होऊन बाहेर पडे. पण सगळ्यांत जुनी खोड एकानं चुकायची. फेरा एकदा जास्त फिरे, नाही तर एकदा कमी. “दहा खांबांच्या कुंपणात तारेचे गाळे किती?” बाई विचारत. सगळा वर्ग “दहा!” म्हणून ओरडे आणि बाई खूश होत. उत्तर नऊ असतं, आणि ते पोरांना पटवण्यात त्यांचा अख्खा तास मजेत जाई.

पोरांच्या चुका त्यांनी कधी फेकल्या नाहीत. मूळ ओळ, दुरुस्त ओळ आणि पोरगं असं का चुकलं याची दोन वाक्यं, असे चाळीस हजार नमुने त्यांच्यापाशी जमले होते. ‘सुधार’ बनवणारी माणसं एक दिवस ते मागायला आली. बाईंनी हौसेनं सगळे देऊन टाकले, वर चहा पाजला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याला ते आधी कळत नाही, एवढंच.

काय लिहिलंय ते यंत्राला केव्हापासूनच वाचता येत होतं. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वाचणारं पहिलं यंत्र म्हणजे सुधार. त्याचं तत्त्व सोपं होतं. माणसं बरोबर वागतात ती हजार तऱ्हांनी, पण चुकतात ती ठरावीक वाटांनी. कोट्यवधी नवशिक्यांच्या चुका एकत्र केल्या की त्या वाटांचा नकाशा तयार होतो. मग कुणीही एक ओळ लिहिली की सुधार ती नकाशावर ठेवून पाहतं. इथं आलेल्या दर शंभरांपैकी किती जण वाट चुकून आले होते? नव्व्याण्णव किंवा जास्त असतील तर ते विचारत बसत नाही, लिहिणाऱ्याला कळवतही नाही, ओळ दुरुस्त करून मोकळं होतं.

तोवर जो तो स्वतःपुरत्या आज्ञावल्या लिहू लागला होता. दूध संकलन केंद्राची वेगळी, शाळेच्या घंटेची वेगळी, पाण्याच्या टाकीची वेगळी. त्यांत चुका होऊन दोन-चार ठिकाणी माणसं दगावली, आणि कायदा आला. जिथं जिवाचा प्रश्न आहे तिथली प्रत्येक आज्ञावली, नवी असो की जुनी, सुधारखालून गेलीच पाहिजे; जुन्यांची पाळी सावकाश, वर्षानुवर्षांनी येई. त्यानं काही हजार जीव वाचले हेही खरं आहे. उगाच यंत्राच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

मग फेरे-अटी शिकायला येणार कोण? चुकलं तर सुधार आहेच. बाईंचा वर्ग बंद झाला आणि त्या तपासनीस झाल्या. ज्या ओळीबद्दल सुधारची खात्री नव्व्याण्णवला एक-दोन कमी पडे, ती माणसाकडं पाठवायची असा नियम होता. घरी कूलरसमोर बसून बाई दिवसाला सहा हजार ओळी पाहत. लिहिणाऱ्याचं नाव दिसत नसे, पक्षपात नको म्हणून. मूळ ओळ, सुधारलेली ओळ, लिहिणाऱ्यानं स्वतः भरलेला हेतू, आणि खाली दोन चौकटी: ‘सुधारा’ आणि ‘राहू द्या’. एका ओळीला सरासरी चार सेकंद. जास्त रेंगाळलं की एक नम्र आठवण येई.

त्या सकाळी आलेल्या ओळीचा हेतू होता, ‘दिव्यांची मोजणी’. बाईंना वाटलं, कुणी मंडप-डेकोरेशनवाला असेल. मूळ ओळ म्हणत होती, परत आलेले दिवे ‘गेले अधिक एक’ होत नाहीत तोवर फेरा चालू ठेव. सुधार म्हणत होतं, परत आलेले दिवे गेलेल्यांइतके होत नाहीत तोवर. आता जितके गेले तितके आले की संपलं की नाही? हा वरचा एक कुठून आला? बाईंना जुन्या वर्गाची आठवण येऊन बरं वाटलं आणि त्यांनी ‘सुधारा’वर बोट टेकवलं.

*

सतराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला खाणीचा भोंगा वाजला. पाळी बदलताना वाजतो तसा नाही, थांबेचना. सूर्याच्या विजेनं आसपासच्या बाकी खाणी केव्हाच बंद पाडल्या होत्या. सावरगावची खाण जमिनीखाली उरलेल्या शेवटच्या दोन-चारांपैकी एक. बाई गच्चीवर गेल्या तर हवेत धूर सरळ उभा होता. त्यांचा जीव आचलपाशी गेला.

आचल कुळमेथे ही त्यांच्या शेवटच्या काही वर्गांतली पोरगी. आई लहानपणीच गेली, बाप खाणीत. संध्याकाळी अभ्यासाला म्हणून बाईंकडं येई आणि जेवूनच जाई. बाईंच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडं असे. खाणीतलं दिवाघर सांभाळायची नोकरी बाईंनीच तिला शब्द टाकून मिळवून दिली होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीला लावायचा दिवा तिनं द्यायचा आणि वर आला की परत घ्यायचा. जितके दिवे खाली, तितकी माणसं खाली. सहा वर्षांपूर्वी, कायदा यायच्या आधी, तिनं या मोजणीची आज्ञावली स्वतः लिहून बसवली होती. माणूस खाली आहे तोवर दिवाघरावरची पाटी लाल, सगळे आले की हिरवी. “पाहायले या ना मॅडम,” असं ती किती वेळा म्हणाली होती. बाईंचं जायचं राहूनच गेलं.

पावणेपाचला तिचा फोन आला.

“मॅडम, तीन नंबरच्या थरात आग लागली होती. सगळे वर आले. पाटी हिरवी झाली तशी मीच साहेबाले ओरडून सांगतलं. आता भिंत बांधून राह्यले.”

जमिनीखालच्या कोळशाला आग लागली की पाण्यानं विझत नाही. वाट विटांनी बंद करून तिची हवा तोडावी लागते. उशीर झाला तर वायू साचून सगळी खाण उडते. म्हणून वरच्या साहेबाला एकच गोष्ट हवी असते, आत कुणी नाही हे पक्कं सांगणारं माणूस. आपल्या पोरीनं ते सांगितलं, आपण शिकवलेल्या फेऱ्याच्या जोरावर सांगितलं, याचा बाईंना इतका अभिमान वाटला की त्यांचे डोळे भरून आले.

“शाब्बास,” त्या म्हणाल्या.

सकाळी खाणीच्या फाटकाशी शालू उपरे येऊन उभी राहिली. तिचा नवरा मोरेश्वर सगळ्यांत खालच्या टोकाला एकटा पंपावर असायचा. तो घरी आला नव्हता.

*

आचल तिसऱ्या दिवशी आली. दारात चप्पल काढायचंही भान नव्हतं. तिनं जुन्या वहीतून फाडलेलं पान बाईंसमोर ठेवलं.

“मॅडम, माझी चूक काढून द्या. तीन दिवस झाले, शंभरदा वाचलं. मले दिसून नाही राह्यली.”

बाईंनी चष्मा लावला. आठ ओळी होत्या. अक्षर ओळखीचं, ओळींची बांधणी ओळखीची, त्यांच्याच हाताखालची. चौथ्या ओळीवर त्यांची नजर थांबली. परत, गेले अधिक एक.

“हा अधिक एक कशाला गं?” बाईंनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“लाभाचा.”

“कसला लाभ?”

“तुमाले मापाचं ठाऊक नाही का जी? धान्य मोजताना पहिल्या पायलीले एक म्हणत नाही. लाभ म्हणते. लाभ, दोन, तीन. आमच्या दिवाघरात एक नंबरचा दिवा कोणाले देत नाही. थो लाभ. जुन्या लोकांनी घालून देल्लं. खाली मानूस हाय तोवर थो खुंटीवर जळत राह्यते, म्हंजे बाकीचे परत येते. खुंटीवर हाय म्हून यंत्र त्याले परत आलेल्यात धरते. मंग सगळे आले हे कवा समजायचं? गेले त्याच्यापेक्षा एक जास्त झाला तवा.”

बाईंनी डोळे मिटले. समजा, साठ गेले. वर येताना एकोणसाठ आले आणि खुंटीवरचा लाभ धरून साठ झाले. मूळ आज्ञावली म्हणाली असती, अजून एक यायचा आहे. सुधारलेली म्हणाली, झाले साठ. पाटी हिरवी. म्हणजे ते सतरा दिवस ती पाटी रोज एक माणूस आधीच हिरवी होत होती. एरवी शेवटचा माणूस मागोमाग घाम पुसत यायचाच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

“पहिली खुंटी सोडून मोजायचं होतंस,” बाई कशाबशा म्हणाल्या. “म्हणजे हा प्रश्नच आला नसता.”

“लाभ सोडत नाही जी. लाभ मोजाचा रायते.” शिक्षकाला इतकं साधं कळू नये याचं आचलला त्या अवस्थेतही नवल वाटलं.

“मग शेजारी टीप का नाही लिहिलीस? मी घसा फोडून सांगायची, अधिक-उणं काही केलंत तर कारण लिहा.”

“कोणाले सांगू टीप लिहून? दिवाघरात पोट्ट्यासोट्ट्याले ठाऊक होतं.”

बाई उठल्या. पडद्यावर त्यांच्या निवाड्यांची नोंद उघडली. अधिक एक असलेली ओळ शोधायला फार वेळ लागला नाही. तारीख, अकरा चौदा, चार सेकंद, ‘सुधारा’. न सांगताही चाललं असतं, कारण नोंद दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. पण आचलपासून काही लपवायची त्यांना कधी सवयच नव्हती.

“तुझी ओळ बरोबर होती,” त्या म्हणाल्या. “मी चूक केली. ती ओळ माझ्याकडं आली होती आणि मीच खोडली.”

आचलनं पडद्यावरच्या त्या नोंदीवर बोट ठेवलं.

“नाव दिसत नाही काय?”

“नाही.”

“पण मॅडम, वर्गात तं तुम्ही नाव झाकून कोणाची वही कोणाची थे सांगत होते.”

चार सेकंदांत माणूस कुणाचा हात ओळखतो? आणि ओळखायला बसलं असतं तर बाकीच्या पाच हजार नऊशे नव्व्याण्णव ओळी कुणी पाहिल्या असत्या? हे सगळं खरं होतं आणि ते आचलला सांगण्यात काही राम नव्हता. पोरीनं कागद घडी करून परत घेतला, ओढणीनं तोंड पुसलं आणि गेली.

*

चौकशीसाठी आलेले टेंभुर्णेसाहेब सज्जन गृहस्थ होते. बाईंनी सगळं सांगितलं, नोंद दाखवली, लाभाचा दिवा समजावला. त्यांनी अर्धा तास मान न हलवता ऐकलं.

“म्हणजे सुधार चुकलं, असं तुमचं म्हणणं.”

“आणि मीही.”

साहेबांनी ती ओळ त्यांच्यासमोरच फेरतपासणीला टाकली. अकरा सेकंदांत उत्तर आलं. साहेबांनी पडदा बाईंकडं वळवला.

“पहिल्यांदा तुमच्याकडं आली तेव्हा हिच्याबद्दल सत्त्याण्णव टक्के खात्री होती. आता अठ्ठ्याण्णव आहे.”

“वाढली कशी?”

“तुम्ही होकार दिलात ना, त्यानं वाढली.”

बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत होतं. बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“वासेकरबाई, तुम्ही जाणकार आहात म्हणून विचारतो. अशा जागी अधिक एक लिहिलेलं तुम्ही बावीस वर्षांत किती वेळा पाहिलं?”

“हजार वेळा. जास्तच.”

“त्यातलं किती वेळा बरोबर निघालं?”

इथं खोटं बोलायला हवं होतं. दहा-वीस वेळा, एवढं म्हटलं असतं तरी साहेबांना लिहायला काही तरी मिळालं असतं. पण ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना खरं उत्तर मागितलं, तिच्या तोंडून खरंच उत्तर आलं.

“एकदाही नाही. हे पहिलंच.”

“मग मी काय लिहू, तुम्हीच सांगा.”

“दिवा लिहा ना! खुंट्यांवर एक दिवा कमी असेल बघा, मोजून घ्या.”

“मोजला. कमी आहे. कंपनी म्हणते, उपरे दिवा घेऊन मधूनच निघून गेला. जातात लोक असे. पाटी म्हणते आत कुणी नाही, आणि कायद्यानं सुधारलेल्या आज्ञावलीचा आकडा हाच शेवटचा पुरावा.”

“भिंत फोडून बघा.”

“आत्ता एक वीट काढली तरी हवा आत जाऊन भडका उडेल. आग विझायला दोन वर्षं लागतील. तोवर त्या भागाचं छत राहणार नाही, बाई. तिथं काहीच सापडणार नाही.” साहेबांनी आवाज खाली आणला. “त्याला त्रास झाला नसेल. तो वायू आधी झोप आणतो. तेवढंच मनाला.”

बाईंना त्यांच्या त्या चांगुलपणाचाच संताप आला.

“अपील?”

“करा. मी शिफारस देतो. दीड वर्ष धरून चाला.” थोडं थांबून साहेब म्हणाले, “दुसरी एक वाट आहे, पण ती मी तुम्हाला सुचवत नाही, फक्त कायद्यात आहे म्हणून सांगतो. लिहिणारीनं स्वतः कबूल केलं की मूळ आज्ञावलीतच तिची चूक होती, आणि मान्यताप्राप्त तपासनिसानं ती नवशिक्याची चूक असल्याचं प्रमाणित केलं, तर चुकीच्या पायावरची म्हणून दुरुस्तीसकट सगळी मोजणीच बाद ठरते. पाटीचा आकडा पुरावा राहत नाही. मग बायकोची साक्ष चालते, सोबत्यांची चालते. मग मी लिहू शकतो की माणूस आत आहे आणि गेला.”

“आणि लिहिणारी?”

“निष्काळजीपणानं मृत्यू. तुरुंग होईल. आज्ञावली लिहायला कायमची बंदी.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं बाईंच्या मनात आलं. पण इथं चोरानंच येऊन गुन्हा कबूल केला होता आणि त्याला कुणी धरायलाच तयार नव्हतं.

*

बाहेर चिंचेखाली शालू बसली होती, दोन्ही बाजूंना दोन मुली. आठवडाभर रोज येऊन बसत होती. बाईंना पाहून उठली.

“तुम्ही मास्तरीणबाई ना जी? साहेब काय म्हणते? माहा मानूस खाली हाय का नाही, थेवढं लिहून द्या म्हनावं. मले दुसरं काहीच नको. लोक म्हनते, पळून गेला, बाई ठेवली असन. पोरी शाळेत जाऊन नाही राह्यल्या.” तिनं कपाळाला हात लावला. “रोज सकाळी आरशापुढं उभी रायतो मी. कुंकू लावू का पुसू? तेरवी करू का वाट पाहू? कोणीच सांगून नाही राह्यलं.”

बाईंनी तिचा हात धरला. मी सांगते, असं ओठांवर आलं होतं, पण “ऊन फार आहे, पोरींना घेऊन घरी जा,” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्या तर आचल आत बसलेली. किल्लीनं दार उघडून आली होती. कूलरही लावला नव्हता. टेबलावर भरलेला कबुलीजबाब होता.

“टेंभुर्णेसाहेबानं मलेही सांगतलं,” ती म्हणाली. “मी सही केली. तुमचं प्रमाणपत्र पायजे.”

“वेडी आहेस का? तुझी ओळ बरोबर होती. मी अपील करते, वर्तमानपत्रात लिहिते, मी...”

“दीड वर्ष?”

“मग काय झालं? दीड वर्ष तर दीड वर्ष.”

“दीड वर्ष शालूकाकूनं रोज आरशापुढं उभं राहाचं?”

“आणि तू तुरुंगात जायचं? न केलेल्या चुकीसाठी?”

आचल पहिल्यांदाच रडली. आवाज न करता, खांदे आवळून.

“केली ना जी. चूक केली. पाटी हिरवी झाली तवा धुरात लोकं धावून राह्यले होते, ज्याले जी खुंटी दिसन तिथं दिवा टांगून राह्यले होते. मी मोजलं नाही. नावं घेतली नाही. पाटीकडं पाहिलं अन् ओरडली, सगळे वर आले. माझीच पाटी, म्हून डोळे झाकून भरोसा ठेवला. थे तुमच्या सुधारनं नाही केलं, मी केलं. कागदावर कोणती का चूक लिहिना. मले शिक्षा पायजे मॅडम, अन् काकूले कागद पायजे.”

बाईंनी तिला जवळ घेतलं. लहानपणी तापात घेत तसं. पोरीच्या केसांना अजून धुराचा वास होता. आपण हिला फेरा शिकवला, अट शिकवली, नोकरी लावून दिली, प्रत्येक वेळी हिचं भलंच केलं आणि त्या भल्याभल्यातूनच हे झालं, या विचारानं बाईंना आतून पोकळ वाटलं. हे कुठं चुकवावं, कुठं अडवावं, असं एकही वळण मागं वळून पाहताना सापडेना.

प्रमाणपत्राचा मजकूर छापीलच होता. ‘वरील ओळीतील अधिक एक ही नवशिक्याकडून होणारी चूक आहे.’ खाली दोन चौकटी: मान्य, अमान्य. या खेपेला बाईंनी चार सेकंद घेतले नाहीत. सगळी दुपार घेतली. नम्र आठवण नऊ वेळा आली. आचल शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून वाट पाहत होती. अमान्य म्हटलं तर पोरगी वाचत होती आणि मोरेश्वर उपरे दिवा चोरून पळालेला माणूस म्हणून राहत होता, कायमचा. मान्य म्हटलं तर तो निदान मेलेला ठरत होता. बाईंनी आयुष्यात हजारो बरोबर उत्तरांना बरोबर म्हटलं होतं आणि चुकलेल्यांना चूक. बरोबर उत्तराला जाणूनबुजून चूक म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

साडेपाचला त्यांनी ‘मान्य’वर बोट टेकवलं.

लगेच आभाराचा निरोप आला. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रामुळं अशा ओळींबाबत सुधारची खात्री आता पूर्ण झाली आहे, आणि यापुढं त्या माणसाकडं पाठवाव्या लागणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी तो दोनदा वाचला. मग आचलला हाक मारून म्हणाल्या, “झालं.”

*

आचलला घेऊन गेले त्याला महिना झाला. भेटीच्या दिवशी बाई जात. दोघी जाळीच्या अलीकडं-पलीकडं बसत आणि काय खाल्लं, झोप लागते का, एवढंच बोलत. तपासनिसाचं काम बाईंनी सोडलं होतं. त्यांच्या जागी कुणी नेमलं नाही. गरज नव्हती.

एका सकाळी दार वाजलं. शालू होती. कपाळ मोकळं, अंगावर धुतलेलं पातळ. पण चेहरा उतरलेला नव्हता. कितीतरी दिवसांनी झोप मिळालेल्या माणसाचा असतो तसा होता. धाकटी मुलगी शाळेच्या गणवेशात मागं उभी होती.

शालूनं बाईंचे पाय धरले. बाई मागं सरकल्या तरी सोडले नाहीत.

“तेरवी केली जी,” ती म्हणाली. “अख्खं गाव जेवलं. सरकारी कागदावर आलं, माहा मानूस खालीच हाय म्हून. आता कोणाचं तोंड उघडत नाही. साहेब म्हनाले, मास्तरीणबाईनं सही केली म्हून झालं. तुमचे उपकार फेडनं होत नाही.”

“असं नका म्हणू,” बाई म्हणाल्या.

शालू उठली. पदरानं डोळे पुसले आणि तिचा आवाज एकदम कडवट झाला.

“थ्या पोरीचं मातर वाटोळं होईन पाहा. येक आकडा नीट लिहिता आला नाही तिले. येक! अन् माहा सोन्यासारखा मानूस गाडला.” बोलता बोलता तिला काही तरी आठवलं. तिनं बाईंकडं निरखून पाहिलं. “लोक म्हनते, तुमच्यापाशीच शिकली होती थे. खरं हाय का जी?”

बाईंनी दाराची चौकट धरली.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच शिकवली.”